बाईंसाठी भरलेले फॉर्म

डॉक्टरांना कुणाचं रडणं बघवत नसे. हा काही गुन्हा नव्हे, पण फॅमिली डॉक्टरला हा दोष परवडत नाही, आणि आपल्या या डॉक्टरांनी तो एकतीस वर्षं मोठ्या युक्तीनं लपवला होता. समोरच्याचा आवाज ओला झाला रे झाला, की ते बी.पी.चा पट्टा उचलायचे. पट्टा दंडाला गुंडाळला की माणूस आपोआप गप्प होतो. बोलू नका, आकडा चुकतो, असं त्याला आधीच बजावलेलं असतं. हवा भरायची, हवा सोडायची, तेवढ्यात समोरच्याचे डोळे पुसून होतात. मग "जरा वाढलंय, मीठ कमी करा" म्हणत चिठ्ठी लिहायची. त्या भागात मीठ कमी खाणारी दुःखी माणसं बरीच असणार.

माणूस मात्र सोन्यासारखा. सरकारी दवाखान्यात दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि तिथेच डोक्याचे केस पांढरे केले. रोज पंचेचाळीस पेशंट, प्रत्येकाला सात मिनिटं. कुणाची आजी कशानं गेली, कुणाच्या जावयाला कसली ॲलर्जी, सगळं तोंडपाठ. घरच्या फोनवर वेळी-अवेळी कुणीही हक्कानं बोलायचं. लोकांचा त्यांच्यावर इतका जीव, की त्यांनी सांगितलं असतं तर माणसं खिडकीतून उडी मारायच्या आधी फक्त कुठली खिडकी एवढंच विचारती.

त्यांना एक गोष्ट मात्र आतून खात होती. रोजच्या पंचेचाळीसांतले पंधरा तरी असे, की त्यांचं दुखणं छातीला नळी लावून ऐकू येत नव्हतं. कुणाचं डोकं दुखायचं, कुणाच्या पोटात कालवाकालव, कुणाला झोप नाही. तपासण्या सगळ्या स्वच्छ. म्हणून सरकारनं दवाखान्यांत मानसशास्त्रज्ञ नेमायची योजना काढली तेव्हा डॉक्टरांनी अर्जावर अर्ज केले. तीन वर्षं पत्रं पाठवली. साहेब लोक शेवटी कंटाळले आणि अकरा महिन्यांच्या करारावर एक बाई पाठवल्या.

बाईंसाठी खोली कुठली? शेजारी औषधांच्या खोक्यांची होती तीच. एका सुट्टीच्या दिवशी डॉक्टर आणि सिस्टर दोघांनी बाह्या सरसावून ती रिकामी केली. दोन खुर्च्या, एक टेबल, कागदी रुमालांचा डबा, आणि कितीही ढकलली तरी बोटभर उघडी राहणारी खिडकी. दारावर पाटी लागली. पाटी लागली आणि सगळं गाडं तिथेच अडलं. तीन आठवडे त्या दारातून कुणी आत जाईना.

"कसं जातील?" सिस्टर म्हणाली. "समोर अख्खा हॉल बसलेला. आत शिरताना कुणी बघितलं, की संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत, की हिच्या डोक्यात काहीतरी झालंय."

डॉक्टरांच्या आणि त्या खोलीच्या मध्ये एक दार होतं, कपाटामागे बुजलेलं. डॉक्टरांनी कपाट हलवलं. मग डोकेदुखीचा पेशंट आला की ते स्वतः उठायचे, त्याला त्या मधल्या दारातून पलीकडे न्यायचे आणि म्हणायचे, "या आमच्या बाई. यांच्याशी बोला. मी इथंच आहे." हॉलमधल्यांना वाटायचं, आज डॉक्टर बराच वेळ तपासताहेत. त्या एका दारानं योजना चालायला लागली. सरकारी कागदावर त्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

बाई तिशीच्या. बोलायला हळू, पण शब्द खाली पडू न देणाऱ्या. लोकांनी त्यांचं नाव पाडलं 'बोलायच्या बाई', आणि गंमत अशी की बाई बोलायच्याच नाहीत. "काही सांगत नाहीत हो, नुसतं ऐकून घेतात," अशी तक्रार करत माणसं घरी जायची आणि पुढच्या आठवड्यात वेळेच्या अर्धा तास आधी येऊन बसायची. गुरुवारी दुपारी दवाखाना रिकामा झाला की डॉक्टर आणि बाई चहा घेत बसायचे. डॉक्टर घरांची माहिती द्यायचे, बाई डॉक्टरांना बसायला शिकवायच्या.

"पट्टा जरा टेबलावरच राहू द्या, डॉक्टर. रडू द्या माणसाला. काही होत नाही."

"मला होतं ना पण."

"किती वेळ थांबता येईल तुम्हाला?"

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून बघितलं. अकरा सेकंद. ते बाईंना सांगताना त्यांचा चेहरा पहिला नंबर आल्यासारखा होता.

बाईंकडे गेलेल्यांत एक भिंगवाली होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला मशिनवर बसून ती भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. चाळिशी उलटलेली, हात असा साफ की गिऱ्हाईक दुकानदाराला सांगायचं, माझं भिंग तिच्याकडेच द्या. तिला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं. दोघी एकत्रच राहायच्या. एका सकाळी क्षुल्लक गोष्टीवरून दोघींचं वाजलं, भिंगवाली तणतणत कामाला गेली, आणि दुपारी दुकानात फोन आला की ताई गेली. तेव्हापासून तिचं डोकं दुखायचं. वर्षात चौदा वेळा ती डॉक्टरांकडे आली. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, डोळे तपासायला पाठवली, बी.पी. तर चौदाही वेळा घेतलं. तोवर तिच्या हातून तीनदा उजव्या डोळ्याचं भिंग डावीकडे बसलं होतं. दुकानदार भला होता, पण दुकान चालवत होता. आणखी एकदा असं झालं तर मशिनवरून उठवीन, असं त्यानं सांगून ठेवलं होतं.

पंधराव्या वेळी डॉक्टरांनी तिला मधल्या दारातून पलीकडे नेलं. पहिल्या दोन भेटींत ती खिडकीकडे बघत बसली. तिसऱ्या भेटीत म्हणाली, "मी जाताना दार आपटलं होतं." बाईंनी हे डॉक्टरांना सांगितलं नाही, तसं सांगायचं नसतं. भिंगवालीनंच डॉक्टरांना सांगितलं, की मी बाईंना दाराचं सांगितलं. एवढं बोलून ती जवळजवळ हसली. डॉक्टरांना वाटलं, आता गाडी रुळावर येणार.

योजनेचा नियम सोपा होता. प्रत्येकाला सहा भेटी. दर भेटीआधी एक फॉर्म भरायचा: झोप कशी, भूक कशी, मन लागतं का, असे नऊ प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन. बेरीज जितकी जास्त तितका त्रास जास्त. सहाव्या भेटीला बेरीज दहाच्या वर असेल तर आणखी सहा भेटी मिळणार. दहाच्या आत आली तर पेशंट बरा, फाइल बंद, आणि बंद केल्याच्या पत्रावर फॅमिली डॉक्टरची सही.

सातव्या महिन्यात वरून परिपत्रक आलं. ज्या दवाखान्यांत पेशंटच्या आकड्यांत सुधारणा दिसत नाही, तिथल्या पदाचा फेरविचार होईल. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. बाई जाणार? त्या खोलीत पुन्हा खोकी येणार? बाईंचे आकडे वाईट नव्हते, खऱ्या माणसांचे असतात तसे होते. कुणाचा वीसवरून सतरावर, कुणाचा बारावरून चौदावर. पण साहेबाला सतरा कसा आवडावा?

दुसऱ्या दिवसापासून, फॉर्म घेऊन हॉलमध्ये बसायच्या आधी जो पेशंट भेटेल त्याला डॉक्टर एक वाक्य सांगायला लागले. "फॉर्म भरताना जरा बाईंचाही विचार करा. त्यांची नोकरी आहे."

बस, एवढंच. पुढे मनातल्या मनात स्वतःचा खटला चालवताना डॉक्टर हेच पुन्हा पुन्हा म्हणायचे, की मी खोटं लिहा असं कुणाला सांगितलं? नाही सांगितलं. सांगायची गरजच नव्हती. डॉक्टरांचा शब्द आणि बाईंचं भलं, दोन्ही एका पेन्सिलीनं साधत असेल तर कोण हात आखडता घेईल? माणसं खाली मान घालून शून्यं काढायला लागली. ज्यांना तीन-तीन महिने झोप नव्हती त्यांना कागदावर गाढ झोप लागायला लागली.

आकडे धडाधड उतरले. एका गुरुवारी बाई चहा तसाच ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, एक कळत नाही. आत बसून ढसाढसा रडतात, आणि कागदावर बेरीज तीन. असं कसं?"

ही वेळ होती. डॉक्टरांना ती वेळ नंतर कितीदा आठवली याची मोजदाद नाही. कपातला चहा, बाईंच्या मांडीवरची फाइल, बाहेर सिस्टरच्या झाडूचा आवाज, सगळं.

"रडून मोकळं वाटत असेल," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. एकतीस वर्षांचा अनुभवी माणूस सांगतोय म्हटल्यावर त्या तरी काय म्हणणार? पण त्या दिवसानंतर त्यांची चाल बदलली. आधी त्या खोलीत पाहुण्यासारख्या बसायच्या. आता स्वतःच्या खुर्चीत बसल्यासारख्या बसायला लागल्या. आपल्याला हे काम जमतंय, हे त्यांच्या अंगावर दिसायला लागलं. आणि त्यामुळे डॉक्टरांना खरं सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं.

घरी डॉक्टरांची बायको होती, गणिताची निवृत्त शिक्षिका. वरच्या ऑफिसला आलेख पाठवायचा होता म्हणून डॉक्टरांनी नावं नसलेले नुसते आकडे एका रविवारी घरी आणले. तिनं चष्मा लावला, पट्टी घेतली, चार पेशंटचे ठिपके जोडले आणि पेन्सिल खाली ठेवली.

"अहो, या वर्गात कॉपी झालीय."

"अगं, पेशंट आहेत ते, मुलं नव्हेत."

"असू देत कुणीही. खरा पेपर वर-खाली जातो. एखादं गणित सुटतं, एखादं अडतं. हे बघा, सगळ्यांचं सारखंच उतरतंय, जिन्यावरनं रांगेत उतरल्यासारखं. आणि सगळ्यांचं त्याच महिन्यापासून. तुमचा ताप तरी कधी असा उतरतो का?"

"तू फक्त आलेख काढ ना."

तिनं काढला. शेवटची रेघ मारून झाल्यावर कागद त्यांच्याकडे सरकवत म्हणाली, "पस्तीस वर्षांत असा पेपर आला की मी वर्गात जाऊन एकच विचारायचे, सांगितलं कुणी." डॉक्टर उठून झाडांना पाणी घालायला गेले. झाडांना सकाळीच घातलं होतं.

मग भिंगवालीची सहावी भेट आली. दोनच दिवस आधी ती डोकं धरून डॉक्टरांकडे येऊन गेली होती. चौथ्यांदा भिंग चुकलं होतं. दुकानदारानं ते पाहिलं नव्हतं म्हणून ती मशिनवर टिकून होती. चुकलेलं भिंग तिनं रुमालात गुंडाळून पिशवीत लपवलं होतं आणि ते फक्त डॉक्टरांना दाखवलं. आणि आज टेबलावर तिचा फॉर्म, बेरीज चार.

फॉर्मसोबत बंद केल्याचं पत्र. "सुधारणा समाधानकारक." खाली डॉक्टरांच्या सहीसाठी रेघ.

बाई दारात उभ्या होत्या. "मला वाटलं होतं, यांना अजून सहा भेटी लागतील. आत्ता कुठे त्या भांडणापर्यंत आल्यात. पण आकडा चांगला आहे. मीच जरा जास्त काळजी करते की काय?"

पुढच्या आठवड्यात तपासणीला वरचे साहेब येणार होते. भिंगवालीला हाक मारून परत बसवायचं, नवा फॉर्म द्यायचा, अहो खरं लिहा म्हणायचं, फार तर पाच मिनिटांचं काम होतं. डॉक्टरांनी पेन उचललं. "तुमचंच कौतुक आहे, बाई," ते म्हणाले आणि सही केली. सही नेहमीपेक्षा सुवाच्य आली.

महिन्याभरात पत्र आलं. सगळ्या दवाखान्यांत पहिला क्रमांक. डॉक्टरांनी हॉलमधल्या यच्चयावत माणसांना चहा पाजला. सिस्टरनं पत्र भिंतीवर लावलं. पंधरा दिवसांनी दुसरं पत्र आलं: आपल्या भागातील गरज मोठ्या प्रमाणात भागल्याचे आकडेवारीवरून दिसते, सबब हे पद अधिक गरज असलेल्या ठिकाणी हलवण्यात येत आहे. पहिल्या तारखेपासून.

डॉक्टर दुसऱ्याच दिवशी वरच्या ऑफिसात गेले. एकतीस वर्षांत स्वतःहून तिकडे जायची त्यांची ही दुसरी वेळ. साहेबांनी खुर्ची दिली.

"आकडे खरे नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"कुठले?"

"आमचे. पेशंटनी कमी लिहिलेत. मी सांगितलं म्हणून."

 साहेबांनी फाइल उघडून त्यांच्यापुढे फिरवली. "डॉक्टर, प्रत्येक पत्रावर तुमची सही आहे. पहिला नंबर आलेला दवाखाना खोटा होता, असं मी वर लिहू? मग बाईंचं काय होईल, विचार केलाय? खोटे आकडे दाखवले म्हणून त्यांना पुढे कुणी घेईल?" आवाज चढलेला नव्हता, आणि साहेबांचं काही चुकतही नव्हतं. डॉक्टर तोंडात मारल्यासारखे बाहेर आले.

बाईंच्या दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं. मधलं दार उघडं होतं. बाई टेबलाचे कप्पे रिकामे करत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"म्हणजे सगळेच?"

"सगळेच नसतील. पण कुठले, ते मला सांगता येणार नाही."

बाई खुर्चीवर टेकल्या. "मला वाटलं होतं, मला हे काम जमतं."

"जमतंच, बाई. मी बघितलंय ना."

"ते आता तुम्ही सांगून काय उपयोग, डॉक्टर?" त्या म्हणाल्या. रागानं नाही. राग आला असता तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. "कोण खरंच बरं झालं आणि कोणी माझ्यासाठी लिहिलं, हे मला आता कधीच कळणार नाही. चुकलं असतं तर शिकले तरी असते." पर्स उचलून त्या निघाल्या, आणि हॉलच्या बाजूच्या दारानं गेल्या.

दोन महिन्यांनी भिंगवाली आली. टोकन घेऊन, रांगेत बसून, डोकेदुखीसाठी. आता ती दुकानात काउंटरवर असायची. मशिनवर दुसरी बसली होती. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलंच नाही. त्यांनी कप्प्यातून जुना कोरा फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. ऑफिसात पाठवायला, भांडायला, पुन्हा अर्ज करायला त्यांना एक तरी खरा कागद हवा होता.

"या वेळी खरं लिहा. कुणाचा विचार करू नका."

तिनं पेन्सिल घेतली आणि भराभर लिहून फॉर्म परत दिला. नऊच्या नऊ प्रश्नांपुढे शून्य.

"हे काय?"

"आता बरोबर आहे ना?" ती पुढे झुकून हळू आवाजात म्हणाली. "मागच्या वेळी माझ्याकडून चार लिहिले गेले, डॉक्टर. अगदीच शून्य लिहायचा धीर झाला नाही. त्या चारामुळेच बाई गेल्या ना? घरी मी रोज तोच विचार करते. आधी ताई, मग बाई. आता हा कागद वर पाठवा. बघा, परत धाडतात का त्यांना."

डॉक्टरांना खोटं बोलणं आता अगदी सोपं होतं. नाही हो, तुमच्यामुळे नाही, बदली झाली, एवढं म्हटलं असतं तरी निभलं असतं.

"चारामुळे नाही गेल्या," ते म्हणाले. "तुम्ही कमी लिहिलंत म्हणून गेल्या. सगळ्यांनीच कमी लिहिलं. मी लिहायला लावलं. वरच्या ऑफिसला वाटलं, इथे आता कुणाला गरज नाही."

 "मग मी खरं लिहिलं असतं तर?"

"तर तुम्हाला आणखी सहा भेटी मिळाल्या असत्या."

"एकवीस होते," ती म्हणाली. "त्या दिवशी मी आधी खरंच भरलं होतं. बेरीज एकवीस आली. मग तुमचं वाक्य आठवलं, आणि सगळं खोडून चार केले."

आणि मग ती रडायला लागली, तोंडावर हात न घेता. डॉक्टर हलले नाहीत. पुढच्या टोकनला हाक मारायची की नाही हे विचारायला सिस्टर दारात आली, तिला त्यांनी हातानंच परत पाठवलं.